परदेशातील ‘घरटी नोकरी’ कायद्याविषयी खुलासा
बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे जाणाऱ्या बॉक्साइटच्या ट्रकांचा विषय निघाला, की खानापूर-निपाणीकडे एक दावा हमखास ऐकू येतो: नायजेरियात तेलविहिरीलगतच्या प्रत्येक घराला कायद्यानेच नोकरी मिळते. तसे मुळीच नाही. तेथील २०१० च्या कायद्याचा रोख देशी कंपन्यांना कंत्राटांत प्राधान्य, देशी माल-सेवांची खरेदी आणि नायजेरियन नागरिकांची भरती व प्रशिक्षण यांवर आहे. शिवाय तेल-वायूच्या शोध-उत्पादन क्षेत्रातील प्रत्येक कंत्राटाच्या रकमेतून १ टक्का देशी उद्योगक्षमतेच्या विकासनिधीसाठी कापला जातो. घानाच्या २०१३ च्या नियमांत देशी कंपनीला किमान ५ टक्के भागीदारी आहे, घरटी नोकरी तिथेही नाही. आपल्याकडे २०१५ पासून खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या (खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के, लिलावातील पट्ट्यांकडून १० टक्के रक्कम त्यात जमा होते. ग्रामसभेत हिशेब मागायचाच, तर तो या रकमेचा मागावा.