पॉलिग्राफ नेमके काय पकडतो?

एखाद्या गाजलेल्या गुन्ह्याच्या बातमीत ‘संशयिताची पॉलिग्राफ चाचणी होणार’ हे वाक्य आले, की आता सत्य बाहेर पडणार असे अनेकांना वाटू लागते. प्रत्यक्षात या यंत्राला खोटे कळतच नाही. त्याला कळतात ते श्वास, रक्तदाब, नाडी आणि घाम.

यांतला घाम मला सर्वांत विलक्षण वाटतो. तळहातावर आणि बोटांच्या पेरांवर घर्मग्रंथी दाटीने असतात आणि त्या उकाड्यापेक्षा मनावरच्या ताणाला अधिक दाद देतात. प्रश्न कानावर पडून मन दचकले, की अनुकंपी, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते, ग्रंथींच्या सूक्ष्म नलिका खारट घामाने भरू लागतात आणि त्वचेतून वीज अधिक सहजपणे वाहते. बोटांना लावलेल्या दोन इलेक्ट्रोडमुळे हा बदल टिपला जातो आणि एक ते तीन सेकंदांत पडद्यावरची रेषा वर चढते. त्या वेळी बोटावर डोळ्यांना दिसेल असा थेंबही नसतो. मात्र ही रेषा भीतीने चढते तशीच रागाने आणि अपमानानेही चढते. खोटेपणाची अशी स्वतंत्र खूण शरीरात आजवर सापडलेली नाही.

म्हणून परीक्षक गुन्ह्याविषयीच्या प्रश्नांच्या जोडीला ‘विश्वास टाकणाऱ्याला तुम्ही कधी फसवले आहे का?’ असे तुलनेचे प्रश्न विचारतात. निर्दोष माणूस या प्रश्नांना अधिक बिचकेल आणि गुन्हेगार गुन्ह्याच्या प्रश्नांना, असे त्यामागचे गृहीतक आहे. पण खुनाचा आळ आलेला निर्दोष माणूस खुनाच्याच प्रश्नाला घाबरला, तर त्यात नवल ते काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००३ सालच्या अहवालातले गणित तर डोळे उघडणारे आहे. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत आणि चाचणी बरीच अचूक आहे असे मानले, तरी त्यांतले आठ हेर पकडताना सुमारे १,६०० निष्ठावान कर्मचारीही दोषी ठरतात. उलट सोव्हिएत संघाला गुपिते विकणारा सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ या दोन्ही वर्षांच्या चाचण्यांतून सहीसलामत सुटला.

तरीही हे यंत्र टिकून आहे, कारण आपले खोटे पकडले जाणारच अशी खात्री पटलेला माणूस पुष्कळदा आधीच कबुली देतो. एडवर्ड जोन्स आणि हॅरल्ड सिगल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये हाच विश्वास संशोधनाचे साधन म्हणून वापरण्याची पद्धत मांडली. हे यंत्र तुमच्या मनातले खरे मत ओळखते, असे सांगून तारा जोडल्यावर लोक एरवी लपवलेली मतेही अधिक मोकळेपणाने सांगत, आणि ते यंत्र त्यांचे मत मुळीच मोजत नसे.