पाटीवर ‘अष्टांग’, भिंतीला दोर

स्टुडिओच्या पाटीवर ‘अष्टांग योग’ वाचून मी आत शिरले तेव्हा डोक्यात पतंजलींची आठ अंगं होती. यम, नियम, आसन, प्राणायाम, पुढे धारणा-ध्यान वगैरे. चांगलं शांत बसायला मिळेल असं वाटलं. पहिल्या दहा मिनिटांत पाच सूर्यनमस्कार झाले, मग वेगळ्या पद्धतीचे आणखी पाच, आणि घामाने चटईवर हात घसरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला.

पाटीवरचं अष्टांग म्हणजे सहसा म्हैसूरच्या के. पट्टाभि जोईस यांची अष्टांग विन्यास पद्धत. भिंतीला दोर, कोपऱ्यात लाकडी विटा, पट्टे, लोड आणि घड्या घातलेली ब्लँकेटं दिसली, तर ती बी. के. एस. अय्यंगार यांची पद्धत. गोंधळ व्हायला कारणही आहे. दोघेही म्हैसूरला योगगुरू टी. कृष्णमाचार्यांचे शिष्य. अय्यंगार तर त्यांचे मेहुणे. १९३७ साली ते शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. जोईस म्हैसूरला राहिले. दोन्हीकडे वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होते. पहिले श्लोक निराळे, पण दोन्ही प्रार्थना ‘प्रणमामि पतञ्जलिम्’पाशीच येऊन थांबतात. आसनांची नावंही बहुतेक तीच. त्रिकोणासन इथेही, तिथेही.

फरक वेळेच्या हिशेबात आहे. अष्टांग विन्यासात क्रम ठरलेला. पहिल्या मालिकेत प्रत्येक आसनात साधारण पाच श्वास, बसलेल्या आसनांच्या मधे हातांवर उडी घेऊन चतुरंग दंडासन (दंड काढताना कोपरं वाकवून अंग जमिनीला समांतर धरतो तसं), छाती वर, मग अधोमुख श्वानासन, की पुढचं आसन. पूर्ण मालिकेला दीड तास लागतो, त्यात चतुरंग चाळीस-पन्नास वेळा सहज होतं. परंपरेने आठवड्याचे सहा दिवस हेच, त्याच क्रमाने. सुट्टी एक दिवस, शिवाय पौर्णिमा-अमावास्येला. अय्यंगार पद्धतीत एका तासात सात-आठ आसनंच होतात असंही घडतं. शिक्षक थांबवतात, टाचेची बाहेरची कड दाबायला लावतात, हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर खाली वीट सरकवतात. पुष्कळ ठिकाणी महिन्याचीही वाटणी असते: एक आठवडा उभी आसनं, एक पुढे वाकायचा, एक मागे वाकायचा, शेवटचा प्राणायामाचा.

दुखापतीही या हिशेबाप्रमाणेच येतात. अष्टांगात लहानशी चूक रोज पन्नास वेळा होते. चतुरंगात खांदा कोपराच्या खाली गेला तर एका दिवसात काही बिघडत नाही, दोन महिन्यांनी शर्ट घालताना हात वर जात नाही. मनगटांचंही तेच.

माझ्या गुडघ्याची गोष्ट अशी. त्या मालिकेत अर्धपद्मासन उभ्या आसनांतच येतं, शरीर नीट मोकळं व्हायच्या आत. पाय वर घेताना मांडीचं हाड खुब्यात बाहेरच्या बाजूला फिरायला हवं. खुबा म्हणजे वाटीतला चेंडू, तो फिरतो. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा, त्याचं मुख्य काम उघड-मीट. वीस वर्षं खुर्चीत बसून खुबा आखडलेला असला आणि आपण घोटा धरून पाय वर ओढला, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मी महिनाभर रोज ओढत होते. शेजारची मुलगी सहज करत होती ना!

पुढे वाकतानाही असाच एक सापळा आहे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग सगळीकडे ठणकतो, ते दोन-तीन दिवसांत जातं. पण बसल्यावर खुर्चीला टेकतं त्या हाडाच्या अगदी खाली, बोट ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल, तर तिथे स्नायूचं मूळ चिडलेलं असू शकतं. ते ताणून ‘मोकळं’ करायला गेलं की वाढतंच. गुडघे वाकवून वाकायचं, आणि थांबला नाही त्रास तर डॉक्टर.

अय्यंगार वर्ग निर्धोक असं मात्र समजू नका. तिथे आसनात जास्त वेळ राहायचं असतं, म्हणून जोखीम मानेला. सर्वांगासनात खांद्याखाली ब्लँकेटांची चळत देतात ती मान चेपू नये म्हणून. ती नको म्हणणारे शूर लोक मी पाहिलेत. ‘गुडघा वर ओढा’ ही सूचना ऐकून मुळातच मागे झुकणारे गुडघे आणखी मागे ढकलणारेही पाहिलेत. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली असलेली आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याच वर्गात नकोत.

माझं मत विचाराल तर चाळिशी ओलांडलेल्या, बैठ्या कामाच्या नवख्या माणसाने आधी विटा आणि दोरांच्या वर्गात सहा महिने काढावेत. घाम गाळायची हौस असलेल्याने अष्टांग जरूर करावं, पण काउंटरवर एक प्रश्न विचारावा: वर्ग ‘म्हैसूर स्टाइल’ आहे की ‘लेड’? लेड म्हणजे शिक्षक संस्कृतात आकडे म्हणतात आणि सगळे एकदम हलतात. म्हैसूर स्टाइलमध्ये ज्याचा तो आपल्या श्वासाने करतो, शिक्षक फिरत पाहतात आणि आधीचं आसन जमल्यावरच पुढचं देतात. नवख्याला लेडपेक्षा हे कितीतरी बरं. नवल म्हणजे लोक उलट समजून लेडला जातात, ‘सगळे बरोबर असतात’ म्हणून. पाठीवर भार देऊन खाली दाबणारे शिक्षक असतील, तर ‘नको’ हा शब्द तोंडात तयार ठेवा.

दोरांच्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, ‘गुडघे, पाठ, बीपी, काही आहे का?’ मी उजवा गुडघा सांगितला. त्यांनी मांडी घालायला लावलं, गुडघा जमिनीपासून किती वर राहतो ते वाकून पाहिलं आणि एक ब्लँकेट बैठकीखाली, एक गुडघ्याखाली सरकवलं. पद्मासनाचं नाव त्यांनी अजून काढलेलं नाही, मीही काढत नाही.