लाल दिवा एकच, दुखणी दोन: लिनिअरचा एसडब्ल्यूआर ट्रिप आणि ड्राइव्ह ट्रिप

गेल्या जुलैत भर पावसात कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी दोन रविवार घालवले. हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर माइकमध्ये ‘हॅलो’ म्हटलं, की लिनिअर (रेडिओची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) खाडकन ट्रिप व्हायचा, म्हणजे बचावासाठी स्वतःला बाजूला काढून बायपासला जायचा, आणि लाल दिवा लागायचा. पावसाळ्यात संशय कोणावर जाणार? कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असणार! टेप सोलली, तपकीर गल्लीतून आणलेला नवा पीएल-२५९ कनेक्टर डाखला, वरून पुन्हा टेप गुंडाळली. वॉचमन विचारून गेला, “साहेब, डिश बसवताय का?” दिवा लागायचा तो लागतच राहिला. अँटेना बिचारी निर्दोष होती, दोष खाली टेबलावर होता.

एसडब्ल्यूआर ट्रिप हे बाहेरच्या बाजूचं दुखणं. लिनिअरने पॉवर दिली, पण अँटेनाने ती सगळी घेतली नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाची जुळणी किती बिघडली आहे ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के परत येते, २ ला ११ टक्के आणि ३ ला सरळ २५ टक्के. ४०० वॅट सोडताना ३ चा एसडब्ल्यूआर म्हणजे १०० वॅट उलट दारात. ट्रान्झिस्टरवर नको तेवढं व्होल्टेज किंवा करंट चढू शकतो, म्हणून संरक्षण सर्किट दार लावून घेतं.

ड्राइव्ह ट्रिप आतल्या बाजूचा. ड्राइव्ह म्हणजे रिग (रेडिओ सेट) लिनिअरला देतो ती पॉवर. रिगने लिनिअरला झेपेल त्याहून जास्त भरवलं. माझ्या लिनिअरला ३० वॅट पुरतात आणि रिगवर मी ३० च लावले होते. मग जास्त आले कुठून? रिगच्या एएलसीमधून, म्हणजे पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटमधून. आधी पॉवर बाहेर पडते, मग एएलसी ती मोजतं आणि मग आवरतं. काही रिगमध्ये तेवढ्या काही मिलिसेकंदांत पूर्ण १०० वॅटचा झटका निसटतो. ‘हॅलो’तल्या ‘हॅ’लाच! सुईच्या मीटरवर तो दिसतही नाही, सुई हलेपर्यंत खेळ संपलेला असतो. लिनिअरमधल्या एलडीमॉस जातीच्या पॉवर ट्रान्झिस्टरचं गेट (इनपुटचं टोक) असल्या झटक्याने कायमचं जाऊ शकतं, तेव्हा हा ट्रिप झाला याचा राग मानू नये.

घोळ होतो तो पुढे. ट्रिप झाला की आपण सगळे पॉवर कमी करून बघतो. चालतं. मग म्हणतो, “ड्राइव्हच जास्त होता,” किंवा “थोडा एसडब्ल्यूआर आहे, कमी पॉवरवर भागतंय.” पण या उपायाने दोन्ही ट्रिप थांबतात! एसडब्ल्यूआर हे गुणोत्तर आहे, ते १० वॅटला जेवढं तेवढंच ४०० ला. पण बरेच लिनिअर परत आलेले वॅट मोजून ट्रिप होतात, आणि पॉवर उतरली की तेही उतरतात. म्हणून या चाचणीतून काहीच कळत नाही.

दुसरी फसगत रिगच्या मीटरची. लिनिअर ऑपरेटवर (चालू) असताना तो मीटर अँटेना दाखवत नाही, लिनिअरचं इनपुट दाखवतो. अँटेना बघायची तर लिनिअर स्टँडबायला टाकून (म्हणजे रिग थेट अँटेनाला) १० वॅटची कॅरिअर, म्हणजे आवाजाविना सलग लहर, सोडायची. मी हे न करता १.२ बघून एकदा खूश झालो होतो, ते वेगळंच.

खरा निवाडा डमी लोड करतो, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर. अँटेना काढा, डमी लावा, तेवढाच ड्राइव्ह द्या. दिवा गेला तर गच्चीवर चढा, राहिला तर खुर्चीतच बसा. मात्र डमी तेवढी पॉवर सोसणारा हवा, छोट्या डमीवर दोन-तीन सेकंदच. फ्रीक्वेन्सीही साक्ष देते: ७.०१० मेगाहर्ट्झवर ट्रिप आणि ७.१५० वर काही नाही, तर बहुधा अँटेना. बँडभर ट्रिप असेल आणि तोही पहिल्याच अक्षराला, तर ड्राइव्ह.

तापमानाच्या ट्रिपचा घोळ होत नाही. तो दहा मिनिटं बोलल्यावर येतो, आणि पंख्यावरची धूळ पुसली की बहुतेकदा जातो.

माझा उपाय रिग आणि लिनिअरच्या मध्ये लावलेला ६ डीबीचा पॅड, म्हणजे पॉवर एक-चतुर्थांश करणारं रेझिस्टरचं सर्किट, ठरला. रिग पूर्ण १०० वर, लिनिअरला पोचतात २५. रिगकडे याहून जास्त देण्यासारखं काही उरतच नाही, मग झटका येणार कुठून? पॅडमध्ये ७५ वॅट उष्णता होते, तेव्हा हीटसिंक चांगली मोठी लागते. आणि पॅड फक्त ट्रान्समिटच्या वाटेवर हवा, नाहीतर ऐकू येणारी स्टेशनंही ६ डीबीने खाली जातात. त्यासाठी एक रिले घालावा लागला.

गच्चीची किल्ली चेअरमनकाकांना परत दिली. “झालं का एकदाचं?” म्हणाले. डमी लोड आता टेबलावरच, स्विचला जोडलेला असतो.