हेपा फिल्टर बसवण्याआधी एवढं वाचा

(अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरीकडच्या आमच्या ग्राहकांसाठी)

हेपा म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारा फिल्टर. ती फार बारीक चाळणी असते, असं बरेच जण समजतात. ते तसं नाही. आत काचेच्या सूक्ष्म तंतूंचा कागद घड्या घालून भरलेला असतो. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तंतूवर आदळतो. त्याहून लहान कण जाता जाता तंतूला चिकटतो, आणि अगदी बारीक कण भरकटत भरकटत त्याला लागतो. खरा त्रास ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांचा. ते आदळण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. म्हणून फिल्टरची परीक्षा या सर्वांत अवघड कणांवरच होते. ईएन १८२२ या युरोपीय मानकानुसार एच१३ दर्जाच्या फिल्टरने त्यातले किमान ९९.९५ टक्के आणि एच१४ ने ९९.९९५ टक्के अडवले पाहिजेत. लाखात मोजलं तर एच१३ मधून जास्तीत जास्त ५०, एच१४ मधून ५.

मात्र हे आकडे फिल्टर नीट बसला तरच खरे. एका औषध कारखान्यात नवाकोरा एच१४ पीएओ टेस्टमध्ये (तेलाचा बारीक धूर सोडून गळती शोधतात ती) नापास झाला. निसटलेला धूर मोजणाऱ्या फोटोमीटरचा प्रोब कडेकडेने फिरवला, तर एकाच कोपऱ्यात आकडा उसळत होता. फिल्टर उतरवला. फिल्टर ज्यावर बसतो त्या चौकटीला जुन्या गॅस्केटचा (फट बंद करणाऱ्या पट्टीचा) नखाएवढा तुकडा चिकटून राहिला होता! तो खरवडून, चौकट पुसून तोच फिल्टर पुन्हा चढवला आणि पास झाला. तेव्हापासून चौकटीवरून बोट फिरवल्याशिवाय आमचा माणूस नवा फिल्टर खोक्यातून काढतच नाही.

कागदाला मात्र बोट लावू नका. अंगठा नुसता दाबला गेला तरी घडी चिरते, आणि ती चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही. उचलताना कायम फ्रेमला धरा. हेपा धुवायचा नसतो, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नसते. खोकी बाणाप्रमाणे उभी आणि कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात शेडमधल्या ओल्या फरशीवर तर मुळीच नको.

प्रेशर गेजचा आकडा रोज वहीत लिहा. बॉक्स टाइप हेपा नवा असताना साधारण २५ मिमी पाण्याचा दाब दाखवतो. दुप्पट झाला की बदलायची तयारी करा. ब्लोअर तेवढाच चालू असून आकडा एकदम खाली आला तर खूश होऊ नका. कागद फाटला असेल किंवा गॅस्केट सुटलं असेल, लगेच टेस्ट करून घ्या.

एप्रिल-मेच्या धुळीत प्री-फिल्टर लवकर भरतात. ते वेळेवर साफ केले किंवा बदलले, तर त्यांच्यामागचा महागडा हेपा जास्त टिकतो. आम्ही फिल्टर विकतो, तरीही हेच सांगू.

ऑर्डर देताना फिल्टरचं बाहेरचं माप, त्याची जाडी, किती सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) आणि गॅस्केट कोणत्या बाजूला हे कळवा. जुन्या फिल्टरच्या लेबलचा फोटो पाठवलात तर उत्तमच.