‘आमचा मुलगा बघून शिकणारा आहे’

सोलापुरातल्या पालकसभांत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतो आहे. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताळून; म्हणून मुलांचे तसे गट करा, असा सल्ला शिक्षकांनाही मिळतो. याला भक्कम पुरावा नाही. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. मुलांना आवडीची पद्धत असते, पण त्या पद्धतीनेच शिकवल्यावर जास्त येतं, हे त्यातून सिद्ध झालं नाही. (ज्याला कमी दिसतं वा ऐकू येतं, त्याची सोय करणं हा वेगळा विषय, ती गरजच आहे.)

मेंदू नवं ज्ञान जुन्याला जोडतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे बरीच घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची आहेत, तिथल्या वर्गात पाव (म्हणजे एक चतुर्थांश) शिकवायचा तर टॉवेलची चौपदरी घडी सगळ्यांच्याच हातात द्या, फळ्यावर चौकोन काढा, मोठ्याने बोला. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला विचारा, ‘पावुगंटा म्हणजे किती?’ ती पटकन सांगेल, ‘पंधरा मिनिटं!’ मग एका तासातले असे किती पाव, ते तिलाच मोजू द्या. दोन दिवसांनी वही मिटून पुन्हा विचारा. आठवून सांगण्यानेच ते पक्कं होतं, आणि हे वर्गातल्या प्रत्येकाला लागू आहे.