कानाच्या लग्नातले दगडी रांजण

काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ही योहानाच्या शुभवर्तमानातली (बायबलमधल्या येशूचरित्रातली) गोष्ट अनेकांना ठाऊक असते. मला मात्र कुतूहल वाटतं ते ज्यात पाणी भरलं त्या रांजणांचं. यहुद्यांच्या शुद्धीकरणाच्या रीतीसाठी ठेवलेले सहा रांजण, एकेकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावणारे, आणि तेही दगडी. एवढा रांजण दगडातून कोरण्यापेक्षा कुंभाराकडून आणणं कितीतरी सोपं. मग दगड कशाला?

याचं कारण विटाळाच्या नियमांत आहे. यहुद्यांच्या धर्मशास्त्रातल्या लेवीय ग्रंथाचा ११वा अध्याय सांगतो, मेलेला उंदीर किंवा पाल मातीच्या भांड्यात पडली तर भांडं फोडून टाका. लाकूड, कापड, कातडं पाण्यात घालून शुद्ध करता येतं. दगडी भांड्यांबद्दल मात्र तिथे अवाक्षर नाही. यहुदी धर्मपंडितांनी त्याचा अर्थ लावला, की दगडाला विटाळ लागतच नाही. हा नियम कितीतरी काळ तोंडीच चालत आला आणि इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना या संहितेत संकलित झाला. लाल गायीच्या राखेने शुद्ध होण्याच्या विधीसाठी मुलं हातात दगडी पेले घेऊन यरुशलेमातल्या शिलोहच्या कुंडावर पाणी आणायला जात, असं वर्णनही मिश्नात आहे.

पण शुभवर्तमान मिश्नाच्या सुमारे शंभर वर्षं आधीचं. नंतर लिहिलेला नियम आधीच्या घरांत पाळला जात होता, हे कशावरून म्हणायचं?

ते जमिनीनेच सांगितलं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम जाळलं. त्या राखेखालच्या घरांत पुरातत्त्वज्ञ नहमान अविगाद यांना एकसंध खडूच्या दगडाचे मोठे रांजण सापडले, चरकावर फिरवून घडवलेले. खडू हा मऊ चुनखडक असल्यामुळे ते शक्य होतं. काना ज्या प्रांतात होतं, त्या गालीलातही पुरावा मिळाला. नासरेथहून कफर कन्नाकडे (परंपरेने हेच काना मानतात) जाताना लागणाऱ्या रेइना गावाजवळ २०१७ मध्ये दगडी भांड्यांचा कारखाना उघडकीस आला. पेले-वाडगे कोरताना आतून निघालेले दगडी गाभे तिथे ढिगाने पडले होते. म्हणजे हे सोवळं फक्त मंदिरातल्या याजकांपुरतं नव्हतं, खेड्यापाड्यांतही पाळलं जात होतं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

आता योहानाचं वाक्य पुन्हा वाचा. रांजण कशासाठी होते, हे तो मुद्दाम सांगतो. ज्यांना ही रीत माहीत नाही असे वाचक त्याच्यासमोर होते. दुसरा शुभवर्तमानकार मार्क तर त्याच्या ७व्या अध्यायात हात धुण्याची, पेले-घागरी धुण्याची ‘वाडवडिलांची’ परंपरा थांबून समजावतो. तोच प्रसंग आणखी एक शुभवर्तमानकार मत्तय त्याच्या १५व्या अध्यायात सांगतो, पण हा खुलासा गाळून. त्याच्या वाचकांना तो लागत नसावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एकाच पिढीच्या आसपास ख्रिस्ती मंडळींमध्ये तोंडी नियमशास्त्राची ओळख किती कमी-जास्त होती, ते इथे दिसतं.

७व्या अध्यायातच मार्क ‘कुर्बान’ हा शब्द वापरतो आणि लगेच अर्थ देतो: देवाला अर्पण. एखादी वस्तू कुर्बान म्हटली की ती इतरांना वापरता येत नसे. यरुशलेमच्या आग्नेयेला एका थडग्यात त्या काळातल्या अस्थिपेटीचं झाकण मिळालं. त्यावर अरामी भाषेत बजावलं आहे, की या पेटीत कुणाला जे काही लाभाचं सापडेल, ते आत असलेल्याकडून देवाला कुर्बान आहे. झाकणावर त्या शब्दाचा अर्थ दिलेला नाही.