मॉन्टेसरी की प्ले-बेस्ड? दोन-तीन तासांची शाळा शोधताना

गोव्यात पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठंही बघा, अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या शाळेच्या बोर्डावर एक तर मॉन्टेसरी लिहिलेलं असतं नाहीतर प्ले-वे म्हणजे प्ले-बेस्ड, खेळावर आधारलेलं, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच बोर्डावर. फरक काय विचारलं तर "सगळं सेमच हो, आमच्याकडे मुलं खेळत खेळत शिकतात" असं उत्तर येतं. सेम नाहीये. दोन्हीकडे वही-पेन्सिल मागं आणि हात पुढं, एवढं साम्य खरं, पण मुलाची सकाळ दोन्हीकडे एकदम वेगळी जाते, आणि तुम्हाला आठवड्यातले तीनच दिवस किंवा रोज दोनच तास पाठवायचं असेल तर हा फरक जास्तच जाणवतो.

लाकडी ठोकळेच घ्या. मॉन्टेसरीत गुलाबी मनोरा असतो, दहा घन, सगळ्यात छोटा १ सेंटीमीटरचा आणि सगळ्यात मोठा १० चा. टीचर एकदा सावकाश, फारसं न बोलता करून दाखवते, मग मूल स्वतः चटई अंथरतं, एकेक ठोकळा शेल्फवरून आणतं, मोठ्यावर लहान रचत जातं, चुकलं तर मनोराच वेडावाकडा दिसतो म्हणजे चूक सांगायला कुणी लागत नाही, आणि झालं की सगळं परत जागच्या जागी. मध्येच एखाद्यानं ठोकळा कानाला लावून "हॅलो आजी" सुरू केलं तर टीचर रागवत नाही, पण हळूच येऊन त्याला परत कामाकडे वळवते किंवा सामान उचलून ठेवायला सांगते. तिथं त्याला कामच म्हणतात.

प्ले-बेस्डमध्ये ठोकळ्याला ठरलेलं काम नसतं. आधी तो फोन, पाच मिनिटांनी पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या टोपलीतला उंडो (गोल पाव), एकजण बाकावर बसून पों पों करत सायकल मारतोय, दुसरी चार उंडे नि दोन कात्रे पाव मागतेय, तिसऱ्याला पण पोदेरच व्हायचंय म्हणून तो रडतोय. आता यात मोजणं आलं, पैसे देणं-घेणं आलं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं आलं आणि भांडण मिटवणं तर आलंच, पण यातलं काही शिकवायचं म्हणून कुणी मांडून ठेवलेलं नव्हतं. चांगली टीचर अशा वेळी गिऱ्हाईक होऊन खेळात शिरते, "माझे सुटे पैसे?" एवढंच विचारते, पुढचं पोरं बघतात. चतुर्थी झाल्यावर तर टेबलाखाली दोरीला चमचे नि पानं लटकवून माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात तो मांडव, होते, दोन दिवस कुणाला ती सोडू देत नाहीत.

ही खोटं-खोटं खेळायची गोष्टच दोघांमधला मोठा फरक आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला खऱ्या वस्तू, खरी कामं द्या असं मॉन्टेसरी पद्धत म्हणते, म्हणून तिथं खेळण्यातला किचन सेट नसतो, पाण्याचा खरा छोटा जग असतो, त्यात खरं पाणी असतं, सांडलं तर पुसायला फडका असतो. प्ले-बेस्डमध्ये किचन सेट, जुन्या साड्या, पुठ्ठ्याचे खोके हीच मुख्य सामग्री.

मग आपल्याकडे एवढी सरमिसळ का झाली? मारिया मॉन्टेसरी या मूळच्या डॉक्टर, त्यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह म्हणजे लहान मुलांची शाळा काढली, १९३९ मध्ये त्या भारतात आल्या, युद्धात अडकल्या आणि १९४६ पर्यंत इथंच राहून शिक्षकांना ट्रेनिंग देत होत्या. त्याच्या आधीच गुजरातीत गिजुभाई बधेका आणि मराठीत ताराबाई मोडक यांनी ही पद्धत उचलली होती, पुढं ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महाराष्ट्रातल्या बोर्डी-कोसबाड या गावांत महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं वापरून खेड्यातल्या मुलांसाठी ती घडवली, गाणी-गोष्टी-खेळ त्यात आलेच. म्हणजे आपली बालवाडी बरीचशी मॉन्टेसरीच्या घरातली, पण अंगणात वाढलेली. खेळ हाच पाया मानणारी दुसरी परंपरा त्याहून जुनी, जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ मध्ये सुरू केलेली, किंडरगार्टन नाव त्याचंच. या सगळ्याची खिचडी म्हणजे आपल्याकडची केजी.

आता वेळेचा मुद्दा, कारण बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. मॉन्टेसरीत साधारण तीन तास सलग, मध्ये बेल न वाजवता काम करू द्यायचं असतं, आणि ३ ते ६ वयाची मुलं एकाच वर्गात असतात म्हणजे लहानगं मोठ्यांचं बघून शिकतं. त्यामुळे हे रोज गेलं तरच जमतं, सोमवार-बुधवार-शुक्रवार असं पाठवलं तर मूल दर वेळी नव्यानं रुळत बसतं, चांगली मॉन्टेसरी शाळा तीन दिवसांना बहुधा नाहीच म्हणेल आणि ते बरोबर आहे. प्ले-बेस्डला तीन दिवस किंवा दोन तास चालून जातात, खेळ आज सोडला तर परवा नवा सुरू होतो. आणि अर्धवेळ म्हणजे काही कमी पडतंय असं अजिबात समजू नका, २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात पण दिवसाला तीन-चार तासच धरलेत, वर ३ ते ६ वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनखालच्या दहांमागे एक, हे आकडे लक्षात ठेवून वर्गात गेल्यावर डोकी मोजा.

माझं विचाराल तर अडीच वर्षांचं पोर, घरी आजी आहे, फक्त चार मुलांत मिसळावं म्हणून पाठवायचंय, तर प्ले-बेस्ड, डोळे झाकून. साडेतीनचं झालं, रोज जाणार आहे, एकटं एका गोष्टीत रमणारं आहे, तर खरीखुरी मॉन्टेसरी सोन्यासारखी. दोघं नोकरीवाले असतील आणि संध्याकाळी सहापर्यंत हवं असेल तर हा वादच बाजूला ठेवा, तुम्हाला पाळणाघर हवंय.

भाषेचं पण बघा, गोव्यात ते जास्तच. घरी मराठी, शेजारी कोंकणी, शाळेत इंग्लिश. मॉन्टेसरीत सुरुवातीचं बरंचसं काम हातानं आणि न बोलता चालतं, म्हणून भाषा न कळणारं मूल तिथं तेवढं बावरत नाही, पण खेळात बोलणं हेच सगळं असतं, तिथं टीचर फक्त इंग्लिशच बोलणारी असली तर तुमचं बडबडं पोर महिनाभर कोपऱ्यात गप्प बसेल. म्हणून प्ले-बेस्ड घेताना टीचरला मराठी-कोंकणी येते का आणि ती वर्गात बोलते का, दोन्ही विचारा.

आणि खरी भीती या दोघांची नाहीच, तिसऱ्याची आहे, बोर्ड यांचा लावून आत वर्कशीट भरून घेणाऱ्याची. मॉन्टेसरी नाव कुणीही लावू शकतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून टीचरनं ट्रेनिंग कुठं घेतलं ते सरळ विचारा. सकाळी दहाच्या सुमारास जा, मुलं असताना, रिकामी शाळा दाखवतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. गुलाबी मनोरा कपाटावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला दिसला, नर्सरी, एलकेजी, यूकेजी वेगवेगळ्या खोल्यांत दिसले, तर ती नावाची मॉन्टेसरी. प्ले-स्कूलच्या भिंतीवर तीस गणपती हुबेहूब सारखे चिकटवलेले दिसले तर ते टीचरनं केलेत, पोरांनी नाही. पावसाचे चार महिने मुलं कुठं खेळतात तेही विचारा, बंगल्यातल्या शाळेला बल्कांव (दारापुढची छपराची ओसरी) किंवा पत्र्याखालची वाळू असली तर उत्तम, नाहीतर जून ते सप्टेंबर टीव्हीवर बडबडगीतं चालतात.

शेवटी पैशाचं. तीन दिवसांना तीन दिवसांचीच फी की पूर्ण महिन्याची, पहिल्या आठवड्यात आईला किंवा आजीला वर्गात बसू देणार का, आणि मध्येच पाच दिवस करायचे झाले तर जागा मिळेल का, हे ॲडमिशनच्या आधी लिहून घ्या.